डोक्यावर चट्ट्याने केस गेले आहेत: आधी नवऱ्याचे, आता मुलीचे. कारण एकच असेल का?

सांजवारा

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढते आहे, तोही घाबरून.

दीड महिन्यापूर्वी केस कापून घेताना माझ्या नवऱ्याला (वय ३६) डोक्याच्या मागच्या बाजूला मोठ्या नाण्याएवढा चट्टा असल्याचं समोरच्याने दाखवलं. एकदम गुळगुळीत. दुखत नाही, खाजत नाही, त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी बघताक्षणी चाई म्हणून सांगितलं आणि स्टेरॉइडचं मलम लावायला दिलं.

आता आमची मुलगी, वय ७. बारा-तेरा दिवसांपूर्वी वेणी घालताना तिच्या उजव्या कानाच्या वर तसाच चट्टा दिसला. आम्ही धरूनच चाललो की बाबांची चाई तिला लागली. गेले पाच दिवस तिला त्याच्याच ट्यूबमधलं मलम लावते आहे. नवरा तिला जवळ घेत नाही, तिच्या उशीला हात लावत नाही. ती रोज विचारते, बाबा रागावलाय का.

माझे प्रश्न दोन. चाई एकाची दुसऱ्याला लागते का? आणि चट्ट्याने केस जाण्याची आणखी काय काय कारणं असतात? डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे.

माळरान

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या: चाई लागत नाही. स्पर्शाने नाही, कंगव्याने नाही, उशीने नाही. मला अकरा वर्षं आहे, घरात कुणालाही झालेली नाही. आज रात्री बाबाला तिला पोटाशी घेऊन झोपवू दे. बाकीचं सावकाश बोलू.

पिंपळपान

माळरान यांच्याशी सहमत, पण मला मुलीची काळजी जास्त वाटते. ताई, उजेडात नीट बघून सांगाल का?

चट्ट्यातली कातडी बाबांसारखी गुळगुळीत आहे की कोंड्यासारखे खपले आहेत? केस मुळापासून गेलेत की तुटून खुंट राहिलेत? ती खाजवते का? मानेच्या मागे, कानामागे हाताला गाठ लागते का? घरात मांजर-कुत्रं आहे का, किंवा ती कुणाच्या मांजराशी खेळते का?

हे कळेपर्यंत ते मलम तिला लावू नका. माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमकी हीच चूक झाली होती, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो आहे.

सांजवारा

आत्ता खिडकीत बसवून बघितलं. बाबांसारखं नाही हो. बारीक पांढुरके खपले आहेत. केस पूर्ण गेलेले नाहीत, आखूड तुटके आहेत आणि मध्ये मध्ये काळे ठिपके दिसतात. खाजवते, हे मला आज लक्षात आलं. मानेच्या मागे वाटाण्याएवढ्या दोन गाठी लागल्या. मलम लावल्यापासून लाली मात्र कमी झाली होती, म्हणून मला वाटत होतं गुण येतोय. शेजारी मांजरीची पिल्लं आहेत, ती रोज संध्याकाळी तिथेच असते.

मी काय करून बसले?

निरंजना

ताई, मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलेलं वाचून गप्पही बसवत नाही. सात वर्षांचं मूल, खपले, तुटके केस, काळे ठिपके, खाज आणि मानेच्या गाठी. हे सगळं एकत्र असलं की आमच्या मनात पहिलं येतं ते डोक्यातला नायटा. म्हणजे बुरशी. तुमच्या यजमानांच्या चट्ट्याशी त्याचा काही संबंध नसावा. एकाच घरात, एकाच महिन्यात दोन चट्टे निघाले, एवढाच योग.

मलमाने लाली का कमी झाली ते सांगते. लाली ही शरीराने बुरशीशी चालवलेल्या भांडणाची खूण असते. स्टेरॉइड ते भांडण थांबवतं. वरून शांत दिसतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय खरं रूप पुसलं जातं, त्यामुळे तपासणाऱ्यालाही ओळखणं कठीण होतं. तेव्हा परवा गेल्यावर पाच दिवस काय लावलं ते आधी सांगा. आणि स्वतःला दोष देऊ नका. पाच दिवसांत भरून न येणारं काही झालेलं नाही.

दुकानातून आणलेलं बुरशीवरचं मलमही लावत बसू नका. अंगावरचा नायटा मलमाने जातो, डोक्यावरचा नाही. बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत उतरलेली असते आणि मलम तिथवर पोचत नाही. पोटातूनच औषध द्यावं लागतं. ग्रिसिओफुल्विन साधारण सहा ते आठ आठवडे, किंवा टर्बिनाफिन. यातलं कुठलं द्यायचं ते बुरशीच्या जातीवर ठरतं. मांजरा-कुत्र्यांकडून येणाऱ्या जातीवर ग्रिसिओफुल्विन जास्त चांगलं चालतं, माणसामाणसांत फिरणाऱ्या जातींवर टर्बिनाफिन. केटोकोनॅझोलच्या शाम्पूने रोग बरा होत नाही, पण केसांवरचे बीजाणू कमी होतात आणि दुसऱ्याला लागण्याची शक्यता घटते, म्हणून तो जोडीला देतात.

तपासणी सोपी आहे. खपले आणि चार तुटके केस खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शक्य असेल तर कल्चरही लावतात, त्याला काही आठवडे लागतात. काही ठिकाणी जांभळ्या प्रकाशाचा दिवा धरून बघतात. मांजरांकडून येणारी बुरशी त्यात हिरवट चमकते. पण अनेक जाती मुळीच चमकत नाहीत, त्यामुळे चमक दिसली नाही म्हणजे बुरशी नाही असं समजायचं नाही.

एक धोक्याची खूण: चट्टा सुजून मऊ गळवासारखा फुगला, पू आला, ताप आला, तर परवापर्यंत थांबू नका. त्याला केरियन म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर तिथली केसांची मुळं कायमची जातात. पू दिसला म्हणून ते चिरायचं नसतं.

सांजवारा

निरंजनाताई, डोळ्यात पाणी आलं वाचताना. मलम बंद केलं. नवऱ्यालाही सगळा धागा वाचून दाखवला. तो उठून तिच्या खोलीत गेला आणि अजून बाहेर आलेला नाही.

दूरदिवा

यजमानांना कामाचा ताण आहे का? चाई ताणामुळेच होते. मन शांत ठेवलं की केस आपोआप येतात, औषधांच्या मागे लागू नका.

माळरान

दूरदिवा, हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतो आहे आणि त्याने मला चट्ट्यांपेक्षा जास्त त्रास दिला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा वाढत्या केसाच्या मुळाला सहसा हात लावत नाही. त्या जागेला एक प्रकारचं अभय असतं. चाईत ते अभय संपतं आणि पांढऱ्या पेशी मुळाभोवती मधमाश्यांसारख्या गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या चित्राला डॉक्टर मोहोळच म्हणतात. केस मध्येच वाढायचा थांबतो आणि गळतो. हे कुणाला होणार यात आनुवंशिक कल मोठा असतो. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी होतं. थायरॉइडचे विकार, कोड, दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असणाऱ्यांत ते जास्त दिसतं. ताणानंतर चट्टा उठल्याचं काहीजण सांगतात, आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माझा सगळ्यात मोठा झटका आला तेव्हा मी आयुष्यातल्या सर्वात निवांत काळात होतो. "तू मनाला लावून घेतोस म्हणून होतं" असं ऐकलं की माणूस आजारासोबत अपराधही वागवायला लागतो.

सांजवारा, यजमानांच्या बाबतीत आशेची गोष्ट अशी की एक-दोनच चट्टे असलेल्या बऱ्याच जणांचे केस वर्षभरात परत येतात, काहींचे तर उपचारांशिवाय. मूळ मेलेलं नसतं, फक्त झोपलेलं असतं. चट्ट्याच्या कडेला बारकाईने बघा. वर जाड आणि कातडीजवळ निमुळते होत गेलेले आखूड केस दिसतात का, उद्गारचिन्हासारखे? ते असतील तर चट्टा अजून पसरायच्या मनःस्थितीत आहे. नखंही बघा. सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

अवांतर: चाई पांढऱ्या केसांना बऱ्याचदा सोडून देते. काळे-पांढरे मिसळलेल्या डोक्यावरचे काळे तेवढे झपाट्याने गळले की माणूस रातोरात पांढरा झाल्यासारखा दिसतो. तशा जुन्या गोष्टींमागे बहुधा हेच असावं.

दूरदिवा

माळरान, माफ करा. माझ्या भावाला परीक्षेच्या काळात चट्टा पडला आणि नंतर भरला, त्यावरून लिहिलं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

माळरान

नाही, नाही. भावाचा भरला हे वाचून बरंच वाटलं.

काजवा

हा धागा दोन दिवस वाचते आहे. एक कारण अजून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून धीर करून लिहिते.

मी माझे केस उपटायचे. तेराव्या वर्षापासून. वाचताना, अभ्यास करताना, हात आपोआप माथ्याकडे जायचा. एक विशिष्ट, थोडा जाडसर, वेगळा लागणारा केस शोधायचा आणि ओढायचा. ओढल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटायचं, मग नुसती लाज. घरचे चाई समजून मलमं लावत होते आणि मी खरं सांगत नव्हते. शेवटी एका डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि आईला बाहेर बसायला सांगून मला हळूच विचारलं. त्या चट्ट्याचा आकार वेडावाकडा होता आणि आतले केस वेगवेगळ्या लांबीचे होते, कुठे खुंट तर कुठे अर्धा इंच. चाईत असं गुळगुळीत टक्कल असतं, माझं कधीच तसं नव्हतं.

याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात आणि हा मनोविकारांत गणला जातो. ओरडून, हात बांधून, केस भादरून तो जात नाही. मला सवय बदलण्याच्या उपचाराने फरक पडला. हात कधी वर जातो ते आधी ओळखायचं, आणि त्या क्षणी त्याच हाताला दुसरं काम द्यायचं. मी मूठ आवळून धरते. गेली तीन वर्षं बरी आहे, मध्ये दोनदा घसरले.

कुणाच्या घरी असं मूल असेल तर एकच विनंती. त्याला चारचौघांत विचारू नका.

पिंपळपान

काजवा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

रानजाई

माझी गोष्ट वेगळ्या टोकाची आहे. डोक्याच्या मध्यावर छोटा चट्टा होता, सोबत आग व्हायची, कंगवा लागला तरी दुखायचं. मीही चाई समजून आठ-नऊ महिने घालवले, कारण सगळे म्हणायचे चाईचे केस येतातच. ती चाई नव्हती. लायकेन प्लॅनोपायलॅरिस निघाला. यातही शरीर केसाच्या मुळावरच उलटतं, पण मुळाच्या वेगळ्या भागावर. तिथे केस पुन्हा उगवण्याची सोय असते, आणि ती एकदा जळली की त्या जागी व्रण होतो. गेलेले केस परत येत नाहीत. माझे आले नाहीत. औषधांनी पसरणं थांबलं, तेवढं मिळालं.

निदान कातडीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर झालं. जागा बधिर करून चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात. मी त्याला घाबरून तीन महिने टाळलं होतं, ते महिने मला परत हवे आहेत.

निरंजना

रानजाई यांनी लिहिलं ते प्रत्येकाने वाचावं. आम्ही चट्टा बघताना मनात पहिला प्रश्न हाच असतो: केसांची छिद्रं दिसतात की नाही? चाईत केस नसतात पण छिद्रं शाबूत असतात. व्रण करणाऱ्या प्रकारांत छिद्रं बुजतात आणि कातडी सपाट, चकाकती, कागदासारखी दिसते. घरी उघड्या डोळ्यांनी हे नेहमी कळेलच असं नाही. डर्मोस्कोप म्हणजे उजेडाचं भिंग, ते डोक्यावर ठेवलं की मिनिटभरात बरंच कळतं. आग, वेदना, पुटकुळ्या किंवा चट्ट्याच्या रंगात बदल असेल तर वाट बघू नका. डिस्कॉइड ल्युपस नावाच्या त्वचेच्या आजारातही असे व्रण पडतात, बऱ्याचदा जाड खपल्यांसह, आणि मधला रंग उडून कडा काळपट होते.

आणखी एक कारण सांगते, लाजेपोटी ते बोललं जात नाही. मोठ्या माणसाच्या डोक्यावर एकदम बरेच छोटे, कसर लागल्यासारखे अर्धवट चट्टे आले तर सिफिलिसची रक्ततपासणी करावी लागते. औषध पेनिसिलिन, आणि केस परत येतात. ही तपासणी सुचवली म्हणून डॉक्टरवर रागावू नका.

साळुंकी

घट्ट वेण्यांचं राहिलं! मी लहानपणापासून केस कपाळावरून मागे ताणून घट्ट बांधायची. तिशीत कानशिलांवरचे केस विरळ होऊन पट्टे पडले. फक्त अगदी कडेला बारीक केसांची एक झालर उरली होती. त्या झालरीवरूनच डॉक्टरांनी ओळखलं. बांधणं बदललं, डावीकडचे बऱ्यापैकी आले. उजवीकडचे नाहीत. सुरुवातीला थांबलं तर भरतं, वर्षानुवर्षं ताण बसला तर मुळं मरतात, असं सांगितलं. केस बांधल्यावर कातडी दुखत असेल तर ते आधीच सैल करा.

चिमणचारा

आमचं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. डोक्याच्या मागे केस गेलेत, आडवा पट्टाच पडलाय. हे पण चाई का?

निरंजना

नाही. जन्मतःचे केस या वयात गळतात, आणि मागच्या भागातले थोडे उशिरा गळत असल्याने तो पट्टा उठून दिसतो. येतील. खपले किंवा जखम असेल तरच दाखवा.

लहान मुलांचा विषय निघाला म्हणून: दोन ते नऊ वर्षांच्या दरम्यान कानशिलावर त्रिकोणी किंवा भाल्याच्या आकाराचा, बारीक लव असलेला एक चट्टा लक्षात येतो. तो वाढत नाही, कमीही होत नाही. जन्मजात ठेवण असते ती. त्याला चाई समजून मुलाला महिनोन्‌महिने इंजेक्शनं दिली जातात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. जुने फोटो काढून बघा, चट्टा बहुतेक आधीच्याही फोटोत असतो.

सांजवारा

परवा म्हणत होते ती भेट झाली. खरवडून बघितलं, बुरशीच निघाली. ग्रिसिओफुल्विन सुरू झालं आहे. पोटभर, थोडं स्निग्ध खाल्ल्यावर द्यायला सांगितलं, म्हणजे नीट शोषलं जातं. सोबत शाम्पू आठवड्यातून दोनदा, आम्हा दोघांनाही. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासली. कंगवे, टोप्या, उशांचे अभ्रे वेगळे केले. औषध सुरू झाल्यावर शाळेत जायला हरकत नाही म्हणाल्या. केस भादरायची गरज नाही, हे ऐकून मुलीने तिथेच टाळ्या वाजवल्या. शेजारच्यांना सांगितलं, ते पिल्लांना पशुवैद्यांकडे नेत आहेत.

म्हणजे आमच्या घरात जे लागणारं होतं त्याच्याजवळ आम्ही बिनधास्त होतो आणि जे लागत नाही त्याला घाबरून बाप-लेकीला तोडलं होतं. हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

नवऱ्यालाही दाखवलं. चाईच आहे. कडेला उद्गारचिन्हं सापडली! थायरॉइडची तपासणी केली, ठीक आहे. चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतोय, चार ते सहा आठवड्यांनी एकदा. थोडा खड्डा पडू शकतो पण तो सहसा भरून येतो, असं सांगितलं.

माळरान, तुमचं पुढे काय झालं हे विचारायचं राहिलं.

माळरान

माझे दोन वर्षांत चट्टे एकमेकांत मिसळले आणि चौथ्या वर्षी सगळेच गेले. भुवया आणि पापण्याही. पापण्या गेल्यावर कळतं की त्या शोभेच्या नसतात, धूळ आणि घाम थेट डोळ्यात जातो. माझ्यात वाईट खूण सुरुवातीलाच होती. मानेच्या वरून कानाकानापर्यंत सापासारखा पट्टा. त्याला ओफियासिस म्हणतात, नाव सापावरूनच पडलं आहे, आणि तो प्रकार चिवट असतो. यजमानांचा एकच सुटा चट्टा आहे, माझ्या गोष्टीवरून घाबरू नका.

माझ्या पहिल्या वर्षांत अशा तीव्र चाईसाठी म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी नव्हती. २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला मोठ्यांसाठी मान्यता मिळाली, २०२३ मध्ये रिटलेसिटिनिबला बारा वर्षांपासून पुढे. मुळाशी गोळा होणाऱ्या पेशींना मिळणारा निरोप मध्येच तोडायचा, असं त्यांचं काम. जंतुसंसर्गाचा धोका असतो, रक्त तपासत राहावं लागतं, गोळी थांबवली की केस पुन्हा जाऊ शकतात. मी चौदा महिने घेतो आहे. भुवया पूर्ण आल्या. डोक्यावर सत्तर टक्के असावेत. एका-दोन चट्ट्यांसाठी मात्र या गोळ्या नाहीत.

सांजवारा

नऊ आठवड्यांनी लिहिते आहे. मुलीची पुन्हा तपासणी झाली, बुरशी गेली. चट्टा कुठे होता ते शोधावं लागतं, सेंटिमीटरभर केस आलेत. मानेच्या गाठी बसल्या.

नवऱ्याच्या चट्ट्यात दुसऱ्या इंजेक्शनानंतर लव आली, पण ती सगळी पांढरी आहे. मुलगी रोज रात्री त्याच्या मांडीवर उलटी बसून ते केस मोजते. काल एकोणतीस झाले. काळे होतात का हे नंतर?

माळरान

बहुतेकांचे होतात. आधी रंगाशिवाय येतात, मग हळूहळू रंग धरतात. माझे पहिल्या खेपेला पाचेक महिन्यांनी झाले होते. तिला म्हणावं मोजत राहा, आणि पहिला काळा सापडला की इथे कळव.